फाइफची सहा भोकं

३ मार्च, मंगळवार

सकाळच्या टपालात एक पत्र आलं आणि दिवस नासला.

कोशाच्या कचेरीत वाचकांची पत्रं येतच असतात. बाई, म्हणजे आमच्या मुख्य संपादक, ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवतात. आजचं पत्र रेघांच्या कागदावर, टपोऱ्या अक्षरात होतं.

“महाशय, आपल्या कोशाच्या चौथ्या खंडात ‘फाइफ’ या शब्दापुढे ‘पाच भोकांची लष्करी बासरी, इंग्रजी फाइव्ह म्हणजे पाच, त्यावरून’ असं छापलं आहे. मी पायदळाच्या बँडमध्ये बावीस वर्षं फाइफ वाजवली. भोकं सहा असतात. सहावं आपण कुठे ठेवलंत ते कळवावं.”

भिंग हसला. तो आमचा मुद्रितशोधक. खिशात कायम भिंग असतं म्हणून हे नाव पडलं, आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणते. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. “सहावं कुठे गेलं ते बघायला हवं,” म्हणाल्या आणि पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं. माझ्याच का? उपसंपादक मी आहे म्हणून असेल.

ती नोंद माझी आहे. तीन वर्षांपूर्वी खंड छपाईला जायच्या शेवटच्या आठवड्यात लिहिलेली. शब्दाच्या कार्डावर ‘लष्करी बासरी’ एवढाच अर्थ होता, व्युत्पत्तीचा रकाना कोरा. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत उभा. फाइफ, फाइव्ह, पाच. भोकांवरूनच आलं असणार असं वाटलं आणि लिहून टाकलं. पुढे प्रश्नचिन्ह घालायचं होतं, ते घाईत राहिलं. एवढंच झालं.

एका वाद्याच्या नावावाचून कुणाचं काय अडणार आहे?

४ मार्च, बुधवार

आज कचेरी उघडायच्या आधीच पोचलो. कार्डांच्या कपाटातला ‘फ’चा खण काढला, कार्ड शोधलं आणि घरी नीट बघावं म्हणून खिशात घातलं. आता ते या वहीत आहे. अक्षर माझंच. प्रश्नचिन्ह नाही.

आमच्याकडे नियम असा आहे की प्रश्नचिन्ह असलेलं कार्ड बाईंकडे जातं आणि बाईंनी सही केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. प्रश्नचिन्ह नसलं की थेट छपाईला.

दुपारी बाईंनी विचारलं, “त्या पानांची मुद्रितं कोणी वाचली होती?”

“भिंगनं,” मी म्हटलं. ते खरंच आहे.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हो, मुद्रितं त्यानंच वाचली असणार.”

‘मुद्रितं’ हा शब्द त्यांनी जरा दाबून उच्चारला असं वाटलं. मला हल्ली काहीही वाटतं. मेअखेर त्या निवृत्त होताहेत, त्यांच्या जागेसाठी नाव त्याच सुचवणार आहेत. म्हणून माझी पारख चालू असावी.

छातीखाली जळजळतंय. बाहेरचा चहा बंद करायला हवा.

६ मार्च, शुक्रवार

फाइफची खरी व्युत्पत्ती आज सापडली. जर्मनमध्ये ‘प्फाइफं’ म्हणजे नळी, शिटी. तिकडच्या भाडोत्री पायदळाबरोबर ते वाद्य देशोदेशी फिरलं आणि इंग्रजीत फाइफ झालं. त्याच्याही मागे लॅटिन ‘पिपारे’, म्हणजे पिलानं चिवचिवणं. म्हणजे पलटणीला चालवणाऱ्या त्या वाद्याच्या नावात मुळात कोंबडीचं पिलू आहे. पाचाचा कुठे संबंधच नाही.

पुस्तक आमच्याच कपाटात होतं, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर. शोधायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून पाहिलं.

७ मार्च, शनिवार

पत्र लिहिणारे आजोबा आज स्वतःच आले. ताठ कणा, बुटांना पॉलिश, पुढचे दात नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली फाइफ काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. दीड वितीहून थोडी मोठी, काळपट लाकडाची, दोन्ही टोकांना पितळी कडी.

“मोजा,” म्हणाले.

मी मोजली. “सात आहेत,” मी म्हटलं, आणि क्षणभर फार बरं वाटलं.

“हे फुंकायचं. ते मोजत नाहीत. बोटांची मोजा.”

सहा.

“वाजवून दाखवा ना,” भिंग तिकडून म्हणाला.

“दात गेले, आता ओठात वारा ठरत नाही,” आजोबा म्हणाले. “ढोल दणदणत असताना त्याच्यावरून जायचा हिचा आवाज. आमचे बँडमास्तर सांगायचे, ओरडू नका, पिलासारखं बोलवा. या नावाचा अर्थच पिलाची चिवचिव आहे. नातीला लहानपणापासून हेच सांगत आलो. तिथेच तर घोळ झाला.”

मग खरी गोष्ट कळली. सार्वजनिक ग्रंथालयांत सहायक नेमण्यासाठी परीक्षा झाली. जागा नऊ. प्रश्न एकाहत्तर: फाइफ हे नाव कशावरून आलं? नातीनं ‘पिलाच्या आवाजावरून’ या उत्तरावर खूण केली. उत्तरसूचीत ‘पाच भोकांवरून’ आहे, आणि आधार म्हणून आमचा कोश, पान नंबरासकट. तिचा नंबर दहावा आला. एका मार्कानं.

“हरकत घ्यायला वीस तारखेपर्यंत मुदत आहे,” आजोबा म्हणाले. “परीक्षा मंडळवाले म्हणतात, कोशवाल्यांकडून लेखी आणा की नोंद चुकली आहे. दुसरं काही चालणार नाही.”

मी म्हटलं, “आमची एक पद्धत असते. नोंद फेरतपासणीला घ्यावी लागते.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही.”

त्यांनी फाइफ परत फडक्यात गुंडाळली. फडक्याची चारही टोकं नीट आत खोचून मगच खिशात ठेवली. बाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कळलं नाही.

११ मार्च, बुधवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, म्हणाले तसं काही दिसत नाही. “कामाचा ताण?” मी म्हटलं, छे, आमचं काम अगदी शांत. गोळ्या दिल्या आहेत.

घरी ही म्हणाली, “आठ दिवस झाले, तुम्ही ताटातलं निम्मं टाकताय आणि झोपेत मला विचारताय की कपाटात ‘फ’ला काय काय येतं. झालंय काय?” मी असं विचारल्याचं मला आठवत नाही.

१२ मार्च, गुरुवार

बाईंनी खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं. म्हणाल्या, “‘फ’च्या खणात फाइफचं कार्ड नाही.”

“कुठेतरी चुकीच्या जागी लागलं असेल.”

“असेल.” चष्मा पुसत पुढे म्हणाल्या, “मी तुमच्या वयाची असताना एक शब्द नुसत्या अंदाजानं ठोकून दिला होता. माझ्या सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोन महिने नुसती कार्डं लावायला बसवलं. मला राग आला नाही. हायसं वाटलं.”

मला कळेना हे त्या मला का सांगताहेत. निवृत्ती जवळ आली की माणूस जुन्या आठवणींत रमतो. मी म्हटलं, “तेव्हाचे लोक वेगळेच होते.”

“तुम्हाला काही सांगायचंय का?” त्यांनी सरळ विचारलं.

“नाही, बाई.”

त्यांनी मान डोलावली आणि समोरचं मुद्रित ओढून घेतलं. बहुतेक त्यांना भिंगचा संशय आहे आणि माझ्याकडून दुजोरा हवा आहे. भिंग गेले चार दिवस माझ्याशी बोललेला नाही. त्याच्या कानावर काय गेलंय कोण जाणे.

१४ मार्च, शनिवार

आज जे केलं ते लिहावंसं वाटत नाही. पण इथेही नाही लिहिलं तर मग ही वही कशाला?

पाकिटावरच्या पत्त्यावरून आजोबांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर फाटकी पुस्तकं, गोंदाचं भांडं, दोऱ्याची रिळं. नात एका शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं घरी आणून दुरुस्त करते. वय पंचविशीच्या आसपास, बोटांवर वाळलेला गोंद. आजोबांनी खुर्ची दिली आणि स्वतः पाणी आणायला गेले.

मी जाताना ठरवलं होतं की तिला समजावायचं. म्हटलं, “हे बघ, कोशाची नोंद बदलणं सोपं नसतं. वेळ लागतो. तू हुशार आहेस, पुढच्या वर्षी सहज निघशील. उगाच आजोबांची धावपळ कशाला?”

ती पानाला कागदाची पट्टी लावत होती. ती बोटानं दाबून नीट बसवली. मग म्हणाली, “काका, मला एकच सांगा. नोंद बरोबर आहे का?”

“तसा मतभेद आहे.”

“कोणाकोणात?”

मी टेबलावरचं एक दोऱ्याचं रीळ उचलून सरळ ठेवलं.

ती म्हणाली, “परीक्षेत मला दोन्ही उत्तरं माहीत होती. तुमच्या कोशात काय आहे ते मी वाचलं होतं. पाचावर खूण केली असती तर मार्क मिळाला असता. पण आजोबा म्हणतात ते खरं आहे, हे पण मला माहीत होतं. म्हणून त्यावर केली.” यात काही विशेष केलं असं तिच्या बोलण्यात नव्हतं.

आजोबा पाणी घेऊन आले. “साहेब स्वतः आले,” नातीला म्हणाले. “मी सांगत होतो ना, चांगले लोक आहेत.”

जिना उतरताना मला मध्येच एका पायरीवर बसावं लागलं. रिकाम्या पोटी गोळी घेतली होती, त्याचा परिणाम.

१८ मार्च, बुधवार

चार दिवस काही लिहिलं नाही. मंडळाला पाठवायच्या पत्राचे पाच मसुदे केले. पहिल्यात ‘अनवधानाने’, दुसऱ्यात ‘छपाईच्या ओघात’, तिसऱ्यात ‘उपलब्ध साधनांच्या अभावी’. सगळे फाडले. प्रत्येकात चूक आहे, पण ती कोणी केलेलीच नाही.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी दारात उभा राहिलो आणि सांगून टाकलं. कार्ड, भिंग, जिना, सगळं.

तिनं फडकं पिळलं. “म्हणजे प्रश्नचिन्ह राहून गेलं?”

“हो.”

“राहिलं, की घातलं नाहीत?”

सोळा वर्षांच्या संसारात हिनं मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. घातलं नाही. घातलं असतं तर कार्ड बाईंकडे गेलं असतं, छापखान्याचा माणूस हात हलवत परत गेला असता आणि उशीर माझ्यामुळे झाला असं सगळ्यांना दिसलं असतं. पेन कागदावर टेकलेलं होतं. मी ते उचललं.

“उद्या एकोणीस आहे,” ही म्हणाली. “जेवून घ्या आधी.”

१९ मार्च, गुरुवार

सकाळी बाईंच्या खोलीत गेलो आणि कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. “हे मी घरी नेलं होतं. नोंद माझी आहे. व्युत्पत्ती अंदाजानं लिहिली. ‘पाच भोकांची’ हेही मीच घातलं, दोन्ही जुळावं म्हणून. प्रश्नचिन्ह मुद्दाम घातलं नाही. भिंगचा संबंध नाही.”

बाईंनी कार्ड उलटंपालटं केलं. “चार तारखेला तुम्ही ते खिशात घातलंत तेव्हा मी माझ्या खोलीत होते. दिवा लावला नव्हता इतकंच.”

म्हणजे पंधरा दिवस त्यांना माहीत होतं.

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले ना. तुम्हाला ऐकू गेलं नाही.” त्यांनी कोरा कागद पुढे केला. “पत्र तुम्हीच लिहा. सही तुमची, शिक्का कोशाचा. माझ्या जागेसाठी मी तुमचं नाव दिलं होतं. ते परत घेतलंय. सोमवारीच घेतलं.”

मी लिहायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, “अशा आणखी किती नोंदी आहेत?”

“एवढीच,” मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. त्या वेळी दुसरं काही आठवलं नाही.

बाहेर येऊन भिंगची माफी मागितली. तो म्हणाला, “मी त्या मुद्रितावर पेन्सिलनं विचारलं होतं, पाच का म्हणून. तुम्ही खोडरबरानं पुसलंत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.” हे मी साफ विसरलो होतो. खरंच विसरलो होतो का, ते मला आता सांगता येणार नाही.

२० मार्च, शुक्रवार

टपालावर भरवसा ठेवला नाही, स्वतः गेलो. मंडळाच्या इमारतीत तीन खिडक्या. पहिलीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं सांगितलं की हरकत उमेदवारानंच द्यायची, कोशवाल्यानं नाही. चार वाजता खिडकी बंद होते. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. आजोबांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. नात पावणेचारला धावत आली, हातावर गोंद तसाच. तिनं अर्ज भरला, मी पत्र जोडलं.

खिडकीमागच्या कारकुनानं पत्र वाचलं, मग मान वर करून मला बघितलं. “ही तुमचीच सही?”

“हो.”

“असं कोणी लिहून देत नाही,” तो म्हणाला आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “काका, तुम्हाला त्रास झाला असेल.” मी म्हटलं, नाही नाही. ती पुस्तकं उघडीच टाकून आली होती, त्यामुळे लगेच निघून गेली.

९ एप्रिल, गुरुवार

सुधारित यादी लागली. नात नववी आहे. आजोबांचा फोन आला. आवाज चढलेला, दात नसल्यानं अर्धे शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं.

गोळ्या बंद केल्या. जळजळ अजून थोडी आहे, जुनी असेल. मी आता कार्डं लावायच्या कामावर आहे. बाईंनी सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतलं. ‘प’चा खण लावताना, मग ‘ब’चा लावताना काही कार्डं ओळखीची वाटली. त्याच आठवड्यातली, त्याच पेनानं लिहिलेली. खण बंद केला. ती बहुधा बरोबरच असतील.

एक गोष्ट मार्गी लागली आणि कोणाचं नुकसान झालं नाही, याचंच समाधान मानायचं.

१६ एप्रिल, गुरुवार

आज अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. पस्तिशीचे असतील. इस्त्रीचा सदरा, हातात आमचा चौथा खंड. पानापानाला चिठ्ठ्या लावलेल्या, बांधणी सैल झालेली. मला वाटलं, एखाद्या शब्दाचा अर्थ हवा असेल.

“मी ग्रंथालयाच्या परीक्षेत नववा होतो,” ते म्हणाले. “आता दहावा आहे.”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. नवव्या जागेवर कोणीतरी होतंच की. त्याचं उत्तर बरोबर धरलं होतं कारण ते मी लिहिलं होतं. सूची बदलली, त्याचा मार्क गेला, तिला मिळाला. महिनाभर मी त्या यादीचा विचार केला आणि तिच्यातला हा माणूस मला दिसला नाही.

“पुढच्या वर्षी...” मी म्हणायला गेलो.

“वय संपलं. ही शेवटची होती.” आवाज साधाच होता. “भांडायला आलो नाही. ती मुलगी बरोबर होती, मान्य आहे. मंडळात तुमचं पत्र वाचायला मिळालं, त्यावर नाव होतं म्हणून तुमच्याकडे आलो.”

त्यांनी खंड टेबलावर ठेवला. “मी शिकवणी घेतो. बारा मुलं आहेत. पुढच्या परीक्षांना तीच बसतील. मी त्यांच्याकडून हा खंड पाठ करून घेतोय, मी केला तसाच. मला फक्त एवढंच विचारायचंय. बाकीचं बरोबर आहे ना?”

बाई आपल्या खोलीत होत्या, दार उघडं होतं. भिंगची पेन्सिल थांबली. मला ‘हो’ म्हणता आलं असतं. ते गृहस्थ ‘हो’ ऐकायलाच आले होते, ऐकून उठले असते, आणि मला वाटतं माझे आभारही मानले असते.

“बसा,” मी म्हटलं.

मी उठून ‘ब’चा खण काढला, मग ‘प’चा आणि ‘भ’चा. ती त्या आठवड्यातली कार्डं एकेक करून त्यांच्यासमोर ठेवायला लागलो. हे अंदाजानं लिहिलंय. हे ऐकीव आहे. इथे दोन शब्दांची गल्लत आहे. त्यांनी वही काढली. प्रत्येक शब्द पान नंबरासकट लिहून घेत होते, माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. बाई येऊन पाठीमागे उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

सात शब्द झाले.

“एवढेच?” त्यांनी विचारलं.

“मला माहीत असलेले एवढेच,” मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं.